बायोडाटा असेल तर ‘स्थळे’त टाका

शिक्षण खात्याचं एक पत्र मला मेलवर आलं. शाळेची अमुक माहिती आज संध्याकाळपर्यंत पाठवा, असं त्यात होतं. ते मी पाहिलंच नाही. मग माहिती का पाठवली नाही याचा खुलासा करा, असं दुसरं पत्र आलं. तेही पाहिलं नाही. शेवटी परभणीहून साहेबांचाच फोन आला.

"मॅडम, खुलासा का केला नाही याचा खुलासा घ्यायला आता मी स्वतः पूर्ण्याला येऊ का?"

मी पूर्णेतल्या एका खाजगी शाळेची मुख्याध्यापिका. शाळेला स्वतःचा मेल होता, नाही असं नाही. पण त्याचा पासवर्ड फक्त आमच्या जुन्या क्लार्कना माहीत होता आणि ते निवृत्त होऊन मुलाकडे सुरतेला गेले. जाताना त्यांनी कपाटांच्या किल्ल्या दिल्या, शिक्के दिले, पासवर्ड तेवढा द्यायचा राहिला. फोन केला तर म्हणाले, "मॅडम, तो डोक्यात नव्हताच, बोटांत होता. त्या खुर्चीत बसलो असतो तर आला असता." सुरतेहून त्यांना खुर्चीत बसवायला आणणं शक्य नव्हतं. तेव्हापासून शाळेचा सगळा कारभार माझ्या घरच्या मेलवर आला.

त्या पत्त्यावर आधीच गर्दी. बँक, विमा, लाईट बिल, कधीतरी एक गादी बघितली म्हणून आजतागायत पाठ न सोडणारे गादीवाले, रोज सकाळी उगवत्या सूर्याचं चित्र पाठवणारा माझा मोठा भाऊ आणि मुलीच्या लग्नासाठी जिथं नाव घातलं होतं ते वधूवर मंडळ. सगळे एकाच दारातून आत येत आणि एकावर एक बसत. त्यात साहेबांचं पत्र म्हणजे लग्नाच्या गर्दीत हरवलेली चप्पल.

मुलगी पुण्याला कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आई, फोल्डर कर ना. नियम लावून ठेव. मेल आला की आपोआप ज्याच्या त्याच्या खोलीत जाऊन बसेल."

"मला कुठं वेळ आहे?"

"मग बाबांना सांग. ते रिकामेच असतात."

फोन स्पीकरवर होता आणि बाबा समोरच शेंगा सोलत बसले होते. रिकामे हा शब्द नवऱ्याला लागला. त्यानं शेंगांची परात बाजूला सारली आणि म्हणाला, "आण तो लॅपटॉप इकडं."

नवरा रेल्वेतून निवृत्त झालेला. सगळी नोकरी पूर्णेच्या यार्डात. मालगाडी आली की तिचे डबे सोडवायचे, कोळसा इकडे, सिमेंट तिकडे, धान्य पलीकडच्या लाईनीला, असं लावायचं आणि नवी गाडी जुळवून पुढे पाठवायची. निवृत्तीनंतर त्याच्या हाताला तसं काही राहिलं नाही. मग त्यानं घर लावायला घेतलं. मसाल्याच्या डब्यांवर नंबर टाकले. हळद कितव्या नंबरात आहे हे फक्त त्याला माहीत. त्यामुळे फोडणी तडतडत असताना मी स्वयंपाकघरातून "अहो, हळद?" असं ओरडायचे आणि तो बाहेरून नंबर सांगायचा. अशा माणसाला मी हजारो न वाचलेले मेल दिले. लहान लेकराला चिखल दाखवल्यासारखंच झालं ते.

दोन दिवस तो मोबाईलवर मेलचे व्हिडिओ बघत होता. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यानं मला समजावून सांगितलं.

"हे बघ, सोपं आहे. इनबॉक्स म्हणजे यार्ड. नियम म्हणजे सांधा. मेलात अमुक शब्द दिसला की सांधा बदलतो आणि मेल त्या लाईनीला जातो. अन् मी वरच्या नियमाला जास्त मान दिलाय. वरच्या नियमानं डबा नेला की खालच्यानं त्याला हात लावायचा नाही. नाहीतर एकच डबा दोन लाईनींवर! टक्कर होईल."

"कोणकोणते शब्द लावलेत?"

"ते तू माझ्यावर सोड."

मी सोडलं. दहावीचे सराव पेपर तपासायचे होते, शाळेत गणिताच्या सरांनी अचानक नोकरी सोडली होती, नव्या शिक्षकाची जाहिरात द्यायची होती. मला कुठं शब्द बघायला सवड!

पहिला आठवडा अगदी स्वर्गात गेला. मेल उघडला की समोर स्वच्छ अंगण. डावीकडे ‘बँक’, ‘घर’, ‘शाळा’, ‘स्थळे’, ‘बिनकामाचे’. शुभ सकाळ असा शब्द आला की ‘बिनकामाचे’. माझा भाऊ तिथं गेला. त्यानं एकदा सूर्याच्या चित्राखाली आपल्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख कळवली होती, तीही तिथंच गेली. पण ते नंतर कळलं. भाऊ अजून अधूनमधून बोलून दाखवतो.

गणित शिक्षकाच्या जाहिरातीत मेलचा पत्ता माझाच दिला होता. जाहिरात येऊन आठवडा झाला, दुसरा लागला, तरी एकही अर्ज नाही. बी.एड. झालेली पोरं गल्लोगल्ली आहेत आणि आमच्या शाळेला कुणी विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटलं. शाळेचं नाव खराब झालं की काय, असं मनात येऊ लागलं. एका सहशिक्षिकेला मी तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "मॅडम, लोकांना माहीत असतं, आतला माणूस ठरलेला असतो. कशाला अर्ज करतील?" हेही पटण्यासारखं होतं.

आणि त्याच दिवसांत नवरा मात्र भलताच खुशीत होता. गुणगुणत होता. दाढी रोज करत होता. सोनपेठहून त्याची मोठी बहीण, आमच्या अक्का, काही कारण नसताना राहायला आल्या. दोघं बहीण-भाऊ दुपारी लॅपटॉपवर डोकं लावून बसायचे आणि मी आले की लॅपटॉप मिटवायचे. मुलीनं मागच्या खेपेला बजावून सांगितलं होतं, "मी म्हणेपर्यंत एकही स्थळ बघायचं नाही. बघितलंत तर घरी येणार नाही." मी तिला शब्द दिला होता. नवऱ्यानंही मान हलवली होती. पण मान हलवणं म्हणजे शब्द देणं नव्हे, असं त्याचं मत असावं.

एका रविवारी सकाळी मी भाजी घेऊन आले तर अक्का ठेवणीतलं लुगडं नेसून बसलेल्या आणि घरभर पोह्यांच्या फोडणीचा वास.

"पाव्हणे यायलेत," अक्का म्हणाल्या. "तोंड धू अन् चांगली साडी नेस."

"कुठले पाहुणे?"

नवरा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मानवतकडचे आहेत. आमच्यातलेच. मुलगा लय हुशार आहे. एम.एस्सी. आपण आधी बघून घेऊ, मग तिला सांगू. नुसतं बघायला काय लागतं?"

मी भाजीची पिशवी तशीच ओट्यावर आपटली. "तिला कबूल केलंय आपण!"

"तू केलंयस," तो म्हणाला. "अन् मी काय शोधायला गेलो होतो का? स्वतःहून येतायत. फोल्डर भरून वाहायलंय. एवढी स्थळं! एक इंजिनियर नाही त्यात, सगळे शिक्षक. मला तर वाटतं पोरींना आता इंजिनियर नकोच झालेत, म्हणून हे पुढं आलेत."

हे ऐकून तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण मला इतका राग आला होता की कान बंद झाले होते. साडी बदलायची नाही असं मी ठरवलं आणि बदलली. तेवढ्यात गेटची कडी वाजली.

मुलगा उंच, सावळा, इस्त्रीचा शर्ट, काखेत जाडजूड फाईल. बरोबर त्याचे मामा, डोक्याला पांढरी टोपी. नवऱ्यानं दारातच विचारलं, "कोणत्या गाडीनं आलात?"

"मानवत रोडला पॅसेंजर धरली सर."

"लेट होती?"

"थोडी."

"परभणीला थांबवून ठेवली असंल," नवरा समाधानानं म्हणाला. गाडी लेट का झाली हे कळल्याशिवाय त्याला पाहुण्यांना पाणी देणं सुचत नाही.

मी बाहेर आले तशी मुलगा ताडकन उभा राहिला. "नमस्कार मॅडम." मी बसा म्हणेपर्यंत बसला नाही. अक्कांनी मला कोपरानं ढोसलं. "सासूचा मान ठिवतोय," त्या कानात म्हणाल्या. माझा चेहरा रागानं आवळलेलाच होता. मुलगा मात्र माझ्याकडे असा बघत होता की जणू मुख्याध्यापिकेचा चेहरा असाच असणार हे त्यानं गृहीत धरलं होतं.

पोहे झाले. नवऱ्यानं घसा साफ केला.

"एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. देण्याघेण्याचं आमच्यात काही नाही. आमच्या मॅडमना ते अजिबात चालत नाही."

मामांचा चमचा हवेतच थांबला. "कायीच न्हाई?"

"काहीच नाही."

"साहेब," मामा बशी खाली ठेवत म्हणाले, "असे लोक राहिलेत का हो अजून? आमी तर बांधाकडची जमीन काढायच्या तयारीनं आलतो."

"अगं बाई!" अक्का म्हणाल्या. "पोराकडचे असून जमीन इकायला निघाले? लय साधी माणसं दिसतायत."

आता अक्का खुर्ची पुढे ओढून बसल्या. त्यांनी आजवर सोनपेठ तालुक्यात किती लग्नं जमवली असतील याचा हिशेब नाही. प्रश्न विचारायचं काम त्यांचं.

"याच्याआधी कुठं कुठं बघून झालं?"

"तीन ठिकाणी जाऊन आलो," मुलगा म्हणाला. "दोन ठिकाणी आधीच ठरलेलं होतं. आम्हाला नुसतं दाखवायला बोलावलं होतं."

"ठरलेलं असताना बोलिवत्यात?"

"सगळीकडं तसंच चालायलंय अक्का," मामा म्हणाले. "कागदावर चार जण दिसाया लागत्यात ना."

अक्कांनी भावाकडे पाहिलं. जग कुठं चाललंय, असा तो पाहण्याचा अर्थ होता. मग त्या पुन्हा मुलाकडे वळल्या. "अन् तिसऱ्या ठिकाणी?"

"तिथं राहिलो की मी. वर्षभर."

अक्का खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

"राहिलात?"

"हो. माणसं चांगली होती. पण त्यांना कायमचा नको होता. त्यांच्या कायमच्या मॅडम बाळंतपणाला गेल्या होत्या, तेवढ्यापुरतं मला ठेवलं होतं. त्या परत आल्या, मग मला सोडावं लागलं."

नवऱ्यानं चहाचा कप खाली ठेवला. अक्कांनी पदर तोंडाला लावला. आणि इथं माझ्या डोक्यात काहीतरी हललं. बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बाईच्या जागी वर्षभरासाठी माणूस ठेवणं हे मी स्वतः कितीदा केलंय! मी फाईलकडे पाहिलं. तिच्यातून गुणपत्रिकांच्या कडा बाहेर आलेल्या. मी बोलायला तोंड उघडलं, पण तोंडात चहा होता आणि तो गिळेपर्यंत मामांनी भाच्याची बाजू घेतली.

"कुणाची काय तक्रार न्हाई हं बाई. जाताना त्यांनी अनुभवाचं प्रमाणपत्र दिलंय. वागणूक चांगली म्हणून लिहून दिलंय."

"प्रमाणपत्र दिलं?" अक्का हबकून म्हणाल्या.

"अन् मुलं तर सोडायलाच तयार नव्हती. रडली पोरं, हा निघाला तवा."

"मुलं बी झाली?" अक्का जवळजवळ ओरडल्या. "किती?"

"एका वर्गात साठ," मुलगा नम्रपणे म्हणाला.

मला ठसका लागला. असा लागला की चहा नाकातून आला. मुलगा पाण्याचा ग्लास घेऊन धावला. डोळे पुसत मी विचारलं, "विषय कोणता तुमचा?"

"गणित, मॅडम. शाळेच्या जाहिरातीवरून बायोडाटा मेल केला होता ना तुम्हाला. सरांचा फोन आला, आवडलाय म्हणाले, घरीच या म्हणाले. आमच्याकडं मुलाखती अध्यक्षांच्या घरीच असतात बहुतेक, म्हणून मी काही विचारलं नाही."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो लॅपटॉप ठेवलेल्या टेबलाकडे बघत होता. आयुष्यभर यार्डात काम केलेल्या त्या माणसाच्या तोंडून एकच शब्द बाहेर पडला.

"घसरला."

अक्कांना अजून उलगडा झाला नव्हता. त्या माझ्याकडे झुकून म्हणाल्या, "म्हंजे ह्यानं बायको सोडलेली न्हाई ना?"

"नाही अक्का. ते शिक्षक आहेत. नोकरीसाठी आलेत," मी त्यांच्या कानात सांगितलं.

"मग साठ लेकरं?"

"वर्गातली."

अक्कांनी हुश्श केलं आणि पोह्यांची आणखी एक बशी मुलापुढे सरकवली. शिक्षकाला पोहे द्यायला त्यांची हरकत नव्हती.

मामा-भाचे आमच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना काहीच कळलं नव्हतं. खरं सांगावं की नाही, असा मला क्षणभर प्रश्न पडला. पण सांगितलं असतं तर त्या मुलाची मान खाली गेली असती आणि आमचीही. शिवाय गणिताचा शिक्षक मला हवाच होता आणि माझ्या हाती अर्ज म्हणून हा एकच जिवंत माणूस होता. म्हटलं, मुलाखत तर मुलाखत. मी चष्मा लावला, फाईल मागून घेतली, गुणपत्रिका पाहिल्या आणि म्हणाले, "एक पाठ घेऊन दाखवा. ही दोघं तुमचा वर्ग समजा. सातवी."

मुलानं खिशातून खडू काढला. खडू घेऊनच आला होता तो. फळा नव्हता, तर आमच्या पत्र्याच्या कपाटावर त्यानं दोन रेघा ओढल्या. "समजा, एक गाडी परभणीहून पूर्णेकडे निघाली. ताशी साठ किलोमीटर वेगानं..."

"एकसारखी साठनं जाणार न्हाई ती," वर्गातून आवाज आला.

"का सर?"

"मधे सिग्नल लागतो. क्रॉसिंग असतं. पूर्ण्याच्या अलीकडं तर आउटरला उभं करतातच. कोणता ड्रायव्हर साठनं आणतो ते सांगा मला."

मी डोळे वटारले. पण मुलगा गोंधळला नाही. तो कपाटाजवळून नवऱ्यापाशी आला आणि म्हणाला, "तुमचं बरोबर आहे सर. सिग्नल धरला तर गणित खरं होतं, पण अवघड होतं. ते आपण दहावीत करू. आज सातवी आहे, म्हणून सगळे सिग्नल हिरवे धरू. चालेल?"

नवऱ्यानं विचार केला. "मालगाडी का पॅसेंजर?"

"तुम्ही सांगा."

"मालगाडी."

"मग साठ नको, चाळीस घेऊ. मालगाडीला साठ जरा जास्तच झाले, माझंच चुकलं."

पुढं तो आणि नवरा कपाटापाशी उभे राहून गाड्या सोडत राहिले. मामा मध्येच "पुढच्या इष्टेशनाला पाणी भरायला थांबवा," म्हणाले, तेही त्यानं धरलं आणि गणितात घेतलं. अक्का कधी शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांना त्यानं विचारलं, "अक्का, सोनपेठच्या बाजाराला चालत गेलात आणि एसटीनं गेलात, तर कधी लवकर पोचाल?"

"चालत," अक्का म्हणाल्या. "यष्टी येतीच कुठं येळेवर?"

"बघा, हेच उत्तर वेग आणि वेळ यांचं आहे," मुलगा म्हणाला, आणि अक्का अशा हसल्या की मी त्यांना तसं हसताना पूर्वी पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं शिकवून मला जे दर वर्षी जड जातं, ते तो खडू हातात धरून सहज करत होता. माझा मघापासूनचा राग कुठं गेला ते मलाच कळलं नाही.

निघताना मामांनी दोन्ही हात जोडले. "नोकरी लागो न लागो, पण असं घर पाह्यलं न्हाई." ते गेले आणि मी गेट लावून आत आले. नवरा कपाटावरच्या रेघा पुसत होता.

"दाखवा ते फोल्डर," मी म्हणाले.

‘स्थळे’ उघडलं. सगळे अर्ज तिथं होते. गणित शिक्षक पदासाठी बायोडाटा, बायोडाटा फॉर मॅथ्स टीचर, माझा बायोडाटा. प्रत्येकाला फोटो, जन्मतारीख, गाव, जात, शिक्षण आणि खाली ठळक अक्षरात अविवाहित.

"वरचं पत्र वाचलं नाही का तुम्ही? ‘आपल्या शाळेत सेवेची संधी द्यावी’ असं स्वच्छ लिहिलंय."

"वर नमस्कार-चमत्कारच असतो म्हणून मी सरळ फोटोवर गेलो," तो म्हणाला. मग लॅपटॉप मिटवत, "आणखी दोघांना बोलावलंय. पुढच्या रविवारी."

त्या दोघांना त्यानं माझ्यासमोर फोन केला आणि शाळेत यायला सांगितलं. एकानं विचारलं, "म्हंजे आता पोह्याला यायचं न्हाई का काका?"

मग माझ्या मनात आलं, अर्ज जर ‘स्थळे’त गेले, तर स्थळं कुठं गेली? त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आमच्या संस्थेच्या अध्यक्षांकडून मिळालं. वधूवर मंडळ आपल्या मेलात बायोडाटा असा शब्दच वापरत नव्हतं. ते परिचयपत्र म्हणत. त्यात मुलाचं शिक्षण दिलेलं. आणि शिक्षण हा शब्द आला की मेल ‘शाळा’ फोल्डरला, असा नवऱ्याचा नियम, कारण शिक्षण खात्याची पत्रं चुकायला नकोत. त्या फोल्डरातलं खात्याचं पत्र तेवढं तो रोज शोधून मला सांगायचा, बाकीचं कुणी उघडत नव्हतं. एवढ्यावर थांबला असता तर तो नवरा कसला! ‘शाळा’त आलेलं सगळं आपोआप अध्यक्षांना जावं, अशीही सोय त्यानं करून ठेवली होती. खुलाशाची भानगड पुन्हा नको म्हणून.

अध्यक्ष अडत व्यापारी, स्वभावानं गंभीर. फोनवर म्हणाले, "मॅडम, ह्या वेळचे उमेदवार लय सविस्तर लिहायलेत. एकानं उंची दिली, रास दिली, मामेकुळ दिलं. रक्तगटबी दिलाय. आपण मागितलं होतं का ते?"

"नाही साहेब."

"अन् अपेक्षा म्हणून खाली काय लिहिलंय बघा. ‘मुलगी शक्यतो नोकरी करणारी, मनमिळाऊ असावी.’ आपल्या शाळेत मुली शिकायला येत्यात, नोकरी कसल्या करत्यात? हा माणूस शाळेत घ्यायसारखा न्हाई. मी त्याच्यावर फुली मारलीय."

खरं काय ते मी त्यांना सांगून टाकलं. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "त्यातला एक नांदेडचा इंजिनियर बरा हाय. माझ्या पुतणीला चालंल का बघतो," आणि फोन ठेवला.

मुलीला सांगणं भागच होतं. ती आधी हसली. इतकी हसली की तिच्या ऑफिसातलं कुणीतरी काय झालं म्हणून विचारायला आलेलं मला ऐकू आलं. मग एकदम थांबली.

"म्हणजे बाबांनी मला न विचारता मुलगा बघायला बोलावला."

नवरा शेजारीच होता. मी फोन त्याच्या हातात दिला आणि आत गेले. पण कान बाहेरच होते.

"चुकलं माझं," तो म्हणत होता. "शोधायला गेलो नव्हतो गं. रोज सकाळी उघडलं की नवीन आलेलं असायचं. कुणीतरी आपल्या दारात आलंय अन् आपण बघितलंबी न्हाई, असं कसं करायचं? यार्डात आलेली गाडी मी कधी तशीच उभी ठेवली न्हाई." मग बराच वेळ तो नुसता हं, हं करत होता. शेवटी म्हणाला, "बरं. तू म्हणशील तेव्हाच." या वेळी मान नुसती हलवली नाही, तोंडानं म्हणाला.

मुलीनं पुण्यातूनच त्याचे सगळे नियम पुसले आणि स्वतःचे दोनच लावले. शब्दांवर काही ठेवायचं नाही बाबा, ती म्हणाली, पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर ठेवायचं. खात्याचा पत्ता आला की ‘शाळा’, बँकेचा आला की ‘बँक’. बाकी सगळं अंगणात राहू दे, आई बघेल.

आता राहिला गणिताचा शिक्षक. अध्यक्षांच्या मनात एक नातेवाईक होता, हे मला माहीत होतं आणि मी काही करू शकेन असं वाटत नव्हतं. पण त्या मामांनी मानवतच्या बाजारात, एसटी स्टँडवर, पाहुण्यारावळ्यांत, जिथं जातील तिथं सांगायचा सपाटा लावला होता की पूर्ण्यात एक शाळा आहे, ती एक छदाम घेत नाही, वर पोहे खाऊ घालते. हे फिरत फिरत अध्यक्षांच्या अडतीवर पोचलं. माल घेऊन आलेला शेतकरी त्यांना हात जोडून म्हणायचा, "साहेब, तुमच्यासारखी माणसं हायत म्हणून जग चाललंय." एका लग्नात तर व्यासपीठावर बोलावून त्यांना शाल घातली. शाल घेऊन आल्यावर माणसाला मागं फिरता येत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "ते सिग्नल हिरवे धरणारं पोरगं खरंच शिकवतंय का चांगलं?"

"चांगलं शिकवतं साहेब."

"मग घ्या त्याला. आपल्याकडं देणंघेणं नसतंच," ते म्हणाले. हे वाक्य ते आता इतक्या सहज म्हणतात की ऐकणाऱ्याला वाटावं, जन्मापासून म्हणत आलेत.

मुलगा जूनमध्ये रुजू झाला. त्या रविवारी खरं काय चाललं होतं, ते त्याला कुणीतरी सांगितलंच असणार. स्टाफरूममध्ये काही लपत नाही. एकदा सही घ्यायला आला तेव्हा खाली बघून म्हणाला, "मॅडम, मला वाटलं अक्का संस्थेच्या संचालक आहेत." मी म्हटलं, "त्यांनाही तसंच वाटतं." तो हसला आणि तास झाला म्हणून निघून गेला.

घरी मात्र माझी सुटका झालेली नाही. त्याचे नियम गेल्यापासून नवरा एकेक मेल स्वतः वाचतो. एकही सोडायचा नाही, असं त्यानं ठरवलंय. सकाळी मी पोळ्या लाटत असते आणि तो स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून मोठ्यानं वाचत बसतो. बँकेनं काय कळवलं, चष्मेवाल्यांनी काय कळवलं, भावाचा सूर्य आज कोणत्या डोंगरावर उगवला.

"गादीवाले म्हणतायत ही शेवटची संधी आहे," परवा तो म्हणाला.

"नको आपल्याला."

"तसं कळवू का त्यांना? बिचारे रोज विचारायलेत."

"कळवा," मी म्हटलं आणि पोळी उलटली. तो चष्मा लावून उत्तर लिहायला बसला.